आर्टिस्टकाकांचं पान

आर्टिस्टकाकांना घरी बोलवायचं तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवावं, हे माझ्या आईला पहिल्याच भेटीत कळलं. अंबरनाथला आमच्या दोन खोल्यांत ते चहाला आले, कप हातात घेतला आणि बोलता बोलता उठून त्यांनी कॅलेंडर सरळ केलं. मग खिळाच चुकीच्या जागी आहे असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी बत्ता मागितला. आईने बिचारीने दिला. तिला वाटलं, सुपारी फोडायची असेल. चहा निवून गेला, भिंतीला नवी भोकं पडली, पोपडे सतरंजीवर आले आणि शेवटी कॅलेंडर दारामागे गेलं, कारण काकांच्या मते "तिथं ते कुणाला त्रास नाय देत." ते गेल्यावर आईने झाडू हातात घेत विचारलं, "अगं, हा माणूस कामावर पण असाच करतो का?" मी म्हटलं, "कामावर जास्त करतो."

कामावर म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, पापडाची लेबलं, कपड्यांच्या दुकानांच्या पिशव्या, वाढदिवसाचे आणि जयंतीचे बॅनर, असलं सगळं आम्ही कॉम्प्युटरवर जुळवायचो आणि छापायला पाठवायचो. मालक सिंधी, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. कामाला माणसं दोनच: पंचविशीची मी, आणि पन्नाशीला टेकलेले काका. त्यांचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. शेठ त्यांना 'आर्टिस्ट साईं' म्हणत, त्यावरून मी 'आर्टिस्टकाका' केलं.

काका उंच आणि किडकिडीत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी. खुर्चीवर ते कधी धड बसलेले मला आठवत नाहीत. एक गुडघा खुर्चीवर, दुसरा पाय जमिनीवर, अशा अवस्थेत ते दिवस काढायचे आणि दर थोड्या वेळाने उठून मागे जाऊन, मान तिरकी करून, एक डोळा मिटून स्क्रीनकडे बघायचे. दुकान चिंचोळं असल्यामुळे मागे जाणं म्हणजे रस्त्यावर जाणं. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा माणूस निघाला. तेवढ्यात तो परत यायचा आणि एक अक्षर केसभर डावीकडे सरकवायचा.

"जरा," हा त्यांचा शब्द होता. जरा इकडे. जरा वर. जरासंच बारीक. काकांचं 'जरा' सुरू झालं की माझी जेवणाची सुट्टी गेली म्हणून समजायचं. मला कामाला लावताना ते म्हणायचे, "अक्षराला बसायला जागा दे गं. उभं नको ठेवूस त्याला." मी म्हणायची, "तुम्ही आधी बसा, मग अक्षराचं बघते." यावर ते हसायचे पण बसायचे नाहीत. आणि त्यांना राग येत नसे, ही आणखी एक पंचाईत. भांडावं तरी कसं?

एकदा आमच्या विहाराच्या जयंतीच्या बॅनरचं काम मी त्यांना दिलं. काकांनी मधोमध दोन ओळी घेतल्या आणि भोवती निळ्या रंगाचं नुसतं मोकळं आकाश सोडलं. बॅनर बघून कमिटीचे लोक दुकानात आले. "काका, अर्धा बॅनर कोरा कसा? आमची पंधरावीस माणसं मावली असती ना त्याच्यात!" काकांनी त्यांना पट्टी काढून मोकळ्या जागेचं महत्त्व समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, बॅनर नेला, आणि कार्यकर्त्यांचे फोटो मोठे करून त्या आकाशात फेव्हिकॉलने डकवले. संध्याकाळी काका बदलापूरला घरी जाताना वाकडी वाट करून तो बॅनर बघायला आले. मला वाटलं, आता यांना चक्कर येणार. तर हे शिडी मागून वर चढले आणि डकवलेले फोटो एका रेषेत लावत बसले. खाली कमिटीचा अध्यक्ष मोठ्या खुशीत शिडी धरून उभा.

बदलापूर गावातून ते लुनावर यायचे. वाटेत एखादी पाटी कललेली दिसली की लुना थांबलीच. एकदा तास उलटला तरी पत्ता नाही म्हणून शेठनी मला बाहेर बघायला पाठवलं. आले ते हातभर ग्रीस घेऊन. कुठल्याशा हार्डवेअरच्या दुकानाचा बोर्ड त्यांनी मालकाला विश्वासात घेऊन उतरवला होता आणि आता तो परत चढत नव्हता. शेठनी कपाळाला हात लावला. "साईं, तुम मेरे पास नौकरी करते हो के पूरे गाँव के पास?"

अशा माणसाच्या हाती इंटरनेट लागलं.

लावलं ते त्यांच्या मुलीने. दीपा तिचं नाव. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर शाळा सुटली की दुकानातच यायची. मी कामाला लागले तेव्हा ती कॉलेजात होती, तरी यायची. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर पत्रिका टाइप करायची आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. तिची चित्रं मला आवडायची. त्यात काही सरळ नसायचं, पण माणसं ओळखू यायची. तिने एक साइट शोधून काढली होती. जगभरचे चित्रं काढणारे लोक तिथे आपापली चित्रं ठेवत, एकमेकांच्या चित्रांखाली दोन शब्द लिहीत. प्रत्येकाला स्वतःचं एक पान मिळायचं. त्या पानाचा रंग, अक्षरं, चौकटी, सगळं थोडं कोड लिहून आपल्याला हवं तसं बदलता यायचं. दीपाने स्वतःचं पान काढलं आणि हौसेने बापालाही एक काढून दिलं.

बापाच्या पानावर चित्र एकच होतं, बारवी धरणाच्या वाटेवरचं एक झाड. ते कधी बदललं नाही. बदलायचं ते त्याच्या भोवतीचं सगळं. काकांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते दुसऱ्याच्या पानाचं कोड उचलायचे, त्यातला एखादा आकडा बदलायचे आणि काय हललं ते बघायचे. कळलं नाही तर साइटवरच्या कुणालाही 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून विचारायचे. ब्राझीलमधली एक शाळकरी पोरगी त्यांना उत्तरं द्यायची. तिलाही शेवटपर्यंत रिस्पेक्टेड सरच म्हणत होते. कोडात प्रत्येक रंगाला सहा खुणांचा एक नंबर असतो, ते नंबर त्यांना तोंडपाठ झाले. रस्त्याने एखादी बाई पिवळी साडी नेसून गेली की काका त्या पिवळ्याचा नंबर पुटपुटायचे. मी म्हटलं, "काका, मार खाल एक दिवस."

जांभूळ गावातल्या पाण्याच्या कारखान्याच्या फाटकाला जो निळा मारला होता, तो त्यांना पानाच्या मागे हवा होता. दुकानात एका कागदावर निळा चौकोन छापायचा, लुनावर जांभूळला जायचं, फाटकाला लावून बघायचा, परत यायचं, आकडा बदलायचा, पुन्हा छापायचं. तिथल्या वॉचमनला संशय आला. रोज एक माणूस येतो, फाटकाला कागद लावतो, मान तिरकी करतो आणि निघून जातो, याचा अर्थ त्याने तरी काय लावायचा? त्याने काकांना बसवून ठेवलं आणि शेठला फोन केला. एवढं करून कागद फाटकाशी जुळला, तर स्क्रीनवर तोच रंग वेगळा दिसायला लागला. "शेठ, एक दिवस मॉनिटरच घेऊन जाऊ का?" काकांनी विचारलं. शेठ उठून बाहेर निघून गेले.

हसायला ठीक आहे. पण ज्याला कॅलेंडर वाकडं बघवत नाही, त्याच्या घरातल्या माणसांचं काय होत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तो दीपामुळे आला.

आईच्या तिथीच्या सुमारास दीपाने आईचं चित्र काढलं. पेन्सिलीने, आठवणीतून. दुकानातल्याच स्कॅनरवर स्कॅन केलं आणि आपल्या पानावर टाकलं. मी काकूंना कधी बघितलं नव्हतं. त्या चित्रात मला त्या पहिल्यांदा दिसल्या. गोल चेहरा, कानात साध्या कुड्या, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. लहानपणी काहीतरी लागलं होतं म्हणे. त्या डोळ्यामुळे बाई आत्ता काहीतरी चेष्टा करणार असं वाटायचं. लोकांनी खाली भरभरून लिहिलं. दीपा दिवसभर ते वाचत होती आणि मला वाचून दाखवत होती.

दीपाच्या पानाचा पासवर्ड काकांकडे होता, कारण चौकटीबिकटी तेच करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा काका रस्त्यापर्यंत सामोरे गेले. "ये ये, बघ काय केलंय." आनंदाने नुसते फुलले होते. त्यांनी चित्रातला उजवा डोळा उचलून, उलटा करून, डावीकडे बसवला होता. दोन्ही डोळे आता अगदी सारखे. नाकाचा कल काढला होता. भोवती सोनेरी चौकट, खाली काकूंचं नाव.

दीपा स्क्रीनजवळ वाकली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? आई."

"माझी नाय."

"अगं, सगळं जग बघणार. म्हटलं, जरा नीट दिसूदे तिला."

"ती नीटच होती, बाबा. तुम्हाला कधी दिसलीच नाय ती."

आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. तिने बसून ते चित्र पानावरून काढून टाकलं, पासवर्ड बदलला, ड्रॉवरमधून मूळ कागद काढून ओढणीत गुंडाळला आणि गेली. आठवड्याभरात नाशिकला मावशीकडे राहायला गेली. तिकडेच कसल्याशा ॲनिमेशनच्या कोर्सला नाव घातलं. फोन केला की मावशी उचलायची आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणायची. काका सकाळी करोत, संध्याकाळी करोत, पोरगी आंघोळीलाच.

पहिले काही दिवस काका माझ्याशी वाद घालत होते. "मी वाईट काय केलं? डोळा मोठाच केला ना? लहान तर नाय केला?"

"काका, तुम्ही तिची आई बदललीत."

"जरासंच गं."

मी उठून त्यांच्यासमोरचा माउस काढून घेतला. मला इतका संताप आला होता की तो रस्त्यावर फेकून द्यावा असं वाटलं. काका रिकाम्या हाताकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ती हसायची ना, तेव्हा तो डोळा पूर्ण मिटायचा." त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. पट्टी खिशातून काढायची, परत ठेवायची, एवढंच चाललं होतं.

त्यानंतर काकांचा एकच उद्योग झाला. त्या साइटवर चित्रांशिवाय चार शब्द लिहायला, रोजनिशीसारखी, एक जागा होती. दीपा आपलं पान अजून चालवते, नवी चित्रं टाकते, हे त्यांना दिसत होतं. म्हणजे ती त्यांच्याही पानावर येत असणार. म्हणून ते तिथे तिची माफी मागायला लागले, मराठीत. दुकानात वापरायचो त्याच फॉन्टमध्ये, ज्यात दीपा शाळेपासून पत्रिका टाइप करत आली होती. फॉन्टचं नाव त्यांनी पानाच्या कोडात घातलं आणि स्क्रीनवर काळीभोर, गोलसर मराठी उमटली. शेठनी पण चष्मा लावून बघितलं. "अच्छा दिखता है, साईं."

मजकूर लपवायची त्यांची रीत नव्हती. मी आणि शेठ मागून वाचायचो, मतं द्यायचो. पहिल्या दिवशी होतं, "दीपा, चित्र बिघडलं असेल तर माफ कर." मी म्हटलं, "असेल तर काय? बिघडलंच." त्यांनी ते बदललं. दुसऱ्या दिवशी मजकूर तोच, पण चौकटीचे कोपरे गोल. तिसऱ्या दिवशी अक्षरं तांबडी. मग त्यांना तांबडा रंग भांडखोर वाटला म्हणून करडी. मग करड्यावर एक नवं वाक्य. मग ते वाक्य लांब होतं म्हणून काढलं. रोज सकाळी आल्या आल्या ते आधी बघायचे, दीपाने खाली काही लिहिलंय का. नसायचं. मग ते म्हणायचे, "अंतर जास्त झालंय दोन ओळींत. वाचताना तुटतंय." आणि कामाला लागायचे. पापडाची लेबलं खोळंबायची, लग्नघरची माणसं शेठच्या नावाने बोटं मोडायची. असं महिनोन्‌महिने चाललं. मी बघून बघून कंटाळले होते आणि तरीही रोज सकाळी त्यांच्या खांद्यावरून मीही बघायची, आज तरी आलंय का काही.

उत्तर एकच आलं होतं, तेही कुणा परदेशी दाढीवाल्याचं. इंग्रजीत, की नक्षी फार सुंदर आहे. काकांना वाटलं, आपल्या अक्षरांचं कौतुक करतोय. त्यांनी 'थँक्यू सर' लिहून टाकलं.

ती नक्षी काय होती ते मला नंतर कळलं. भावाचा निकाल बघायला मी अंबरनाथच्या एका सायबर कॅफेत गेले होते. निकाल बघून झाला, वेळ उरला होता, म्हणून भावाला म्हटलं, "थांब, तुला आमच्या काकांचं पान दाखवते." पान उघडलं. झाड होतं, चौकट होती, जांभूळच्या फाटकाचा निळा होता. आणि मराठीच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून डॉलर, मग उलटं प्रश्नचिन्ह, मग कंस, अशा ओळीच्या ओळी. भाऊ म्हणाला, "ताई, हे काय आहे? व्हायरस?"

मग माझ्या लक्षात आलं. आमचा फॉन्ट ज्या मशीनवर असेल तिथेच ते मराठी दिसायचं; बाकी सगळ्या जगाला हा कचरा. आम्हा डीटीपीवाल्यांना हे काय नवं होतं? छापखान्यात फाइल पाठवताना फॉन्ट बरोबर द्यायचा नाहीतर मजकुराचं चित्र करून पाठवायचं, हे तर आम्ही रोज करत होतो. पण पान आम्ही कायम दुकानातूनच बघायचो. दुकानात फॉन्ट होता. आम्हाला ते नेहमी सुंदरच दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. आधी त्यांनी विश्वास ठेवला नाही. दुकानासमोरच्या सायबर कॅफेत जाऊन बघून आले. परत आले ते धावतच.

"म्हणजे तिला दिसलंच नाय!"

"नाही ना काका."

"तिने वाचलंच नाय! वाचलं असतं तर बोललीच असती ना. मी पण येडा. पोरगी बिचारी रोज उघडून बघत असणार, बाबा काय हा कचरा टाकतो." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. त्यांनी शेठच्या, माझ्या, शेजारच्या टेलरच्या, सगळ्यांच्या हातावर दालपकवानच्या प्लेटी ठेवल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांना असं हलकं झालेलं बघितलं नव्हतं.

आता मराठी जशीच्या तशी दिसायची तर तिचं चित्र करायचं, म्हणजे हाताने लिहून स्कॅन करायचं. झालं, काकांना नवं खाद्य मिळालं. बोरूने लिहिलं, फाडलं. ब्रशने लिहिलं, फाडलं. साध्या पेनने लिहिलं आणि म्हणाले, "जरा डावीकडे..." बाहेर लोडशेडिंगची वेळ होत आली होती. मी तो कागद त्यांच्या हातातून ओढला, स्कॅनरवर टाकला आणि झाकण लावलं. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएस कोकलायला लागला. काका "थांब, थांब" म्हणत होते. मी थांबले नाही. मशीन बंद पडायच्या आत कागद पानावर गेला. त्यावर एवढंच होतं: "दीपा, आईचा डोळा मी बदलायला नको होता. तो तसाच होता आणि मला तो आवडायचा. चुकलो. बाबा."

लाइट परत आल्यावर आम्ही बघितलं तर कागद कललेला स्कॅन झाला होता. चांगलाच. काका माउसकडे झेपावले. मी म्हटलं, "आज नको, उद्या करा." मला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दीपाचं उत्तर होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. काकांना तसलं वाचायला जड जायचं, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

"बाबा, तुमचा फॉन्ट माझ्याकडे आहे. इथल्या मशीनवर पहिल्याच आठवड्यात टाकून घेतला. तुमचं सगळं मी वाचत होते. रोज रंग वेगळा, रोज चौकट वेगळी, कालचं वाक्य आज गायब. माफी मागताय की डिझाइन करताय तेच कळत नव्हतं. कशाला उत्तर देऊ? हे हाताने लिहिलेलं वाकडं आहे. याला हात लावू नका. बघते तुम्हाला किती जमतं."

तिला दिसलंच नव्हतं, ही एका दिवसाची चैन संपली होती. तिने सगळं वाचलं होतं आणि वाचूनही ती गप्प राहिली होती. ते बाहेर जाऊन लुनावर बसले. मला वाटलं, घरी जातात. पण लुना चालू न करता नुसते बसून राहिले. मग आत येऊन म्हणाले, "पोरी, माझा पासवर्ड बदल. आणि मला सांगू नको. मी पाया पडलो तरी नको सांगू." मी बदलत होते तोवर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पुढचे दिवस दुकानाला जड गेले. काका पान उघडून तो कललेला कागद बघायचे, हात खिशात घालायचे आणि उठायचे. पानाला हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी बाकी सगळ्याला लावला. कागदांचे गठ्ठे उंचीप्रमाणे लागले. शेठच्या गादीमागचे देव एका ओळीत आले. माझा डबा मी ठेवलेल्या जागी कधी सापडेना. शेवटी शेठ हात जोडून मला म्हणाले, "बेटी, इनको इनका पेज वापस दे दे. मेरी दुकान बचा ले." एकदा तर काकांनी खरंच विचारलं, "तारीख टाकली होतीस का पासवर्डमध्ये? नको नको, नको सांगू." आणि स्वतःच बाहेर पळाले. मी हसले, पण त्यांचा चेहरा बघून हसू टिकलं नाही. झोप नसल्यासारखे दिसत होते ते.

मग एका दुपारी दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. "ताई, बाबा आहेत?"

रिसीव्हर कानाला लावून काका उभे राहिले. मला ऐकू येत होतं ते त्यांच्याकडचंच.

"हां."

"नाय लावला हात."

"वाकडं दिसतंय की. रोज दिसतंय." मग बराच वेळ ऐकत होते. "नाय, पासवर्ड मला ठाऊकच नाय. ताईकडे आहे." पलीकडे ती हसली असावी, कारण काकांचं तोंड एकदम वेडंवाकडं झालं आणि त्यांनी पाठ फिरवली. "बरं. ये. जेवायलाच ये."

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"रविवारी येतेय. आईचा कागद घेऊन येतेय, परत टाकायचा बोलते. इथंच स्कॅन करणार." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्कॅन तू कर हां. मी बाहेर उभा राहतो."

रविवारी शेठनी आमच्यासाठी शटर अर्धं उघडून दिलं. दीपा आली. वाळली होती, केस कापले होते. काकांनी तिला "आलीस?" एवढंच विचारलं, तिने "हो" म्हटलं, आणि काका ठरल्याप्रमाणे शटरखालून वाकून बाहेर गेले. रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

दीपाने ओढणीतून कागद काढला आणि स्कॅनरच्या काचेवर ठेवला. मी सवयीने तो कडेला लावायला गेले तर तिने माझा हात धरला. "असूदे ताई." हळूहळू चित्र स्क्रीनवर उतरलं. काकू आल्या, एक डोळा बारीक, आत्ता काहीतरी बोलणार अशा. दीपाने चित्र पानावर टाकलं. ना चौकट, ना रंग. आम्ही दोघी बघत बसलो.

मग तिने खाली वाकून शटरमधून बाहेर बघितलं. समोर एका हातगाडीवर बनियन-टॉवेल टांगलेले होते. काका त्या गाडीवाल्याशी काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता त्याचे टॉवेल एका उंचीवर आणत होते. इकडे वळून मात्र ते एकदाही बघत नव्हते.

"किती वेळ उभे राहणार तिकडे?" दीपा म्हणाली.

"तू सांगेपर्यंत," मी म्हटलं. "थांब, हाक मारते."

"नको ताई." तिने डोळे पुसले आणि उठली. "मीच घेऊन येते त्यांना."